निळी, पांढरी आणि बेंच

श्यामराव पेडणेकरांना कुणी काम सांगितलं की ते दोनच गोष्टी विचारत: माप कुठलं, आणि कधीपर्यंत हवं. डिसेंबरातल्या एका रविवारी जेवताना त्यांचा मुलगा क्षितिज म्हणाला, "बाबा, दोन गाड्यांवर आलोय. दोन्ही इलेक्ट्रिक, दोन्ही एसयूव्ही. एक निळी, एक पांढरी. कुठली घ्यावी ते तुम्हीच बघून सांगा." श्यामरावांनी आमटीची वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "कधीपर्यंत?"

"घाई नाही हो," क्षितिज हसला. "जानेवारीअखेर बघू."

"बरं."

चूक झाली ती तिथेच. ती कळायला त्यांना बेचाळीस दिवस लागले.

श्यामराव मूळचे वेंगुर्ल्याकडचे. मामा कलकत्त्याला गोदीत फिटर होता. त्याच्या मागोमाग एकोणिसाव्या वर्षी आले ते इथलेच झाले. गार्डन रीचच्या बाजूला नदीकाठी जहाजं बांधण्याच्या कारखान्यात त्यांनी एकोणचाळीस वर्षं काढली. त्यातली पहिली चौदा लॉफ्टमध्ये. लॉफ्ट म्हणजे फळ्यांच्या जमिनीचा एक प्रचंड मोठा हॉल. जहाजाचं चित्र कागदावर असतं बोटाएवढं. लॉफ्टमध्ये ते जमिनीवर खऱ्या आकारात काढायचं, आणि त्यावरून लाकडाचे फर्मे कापायचे. लोखंड मग त्या फर्म्याबरहुकूम वाकवायचं. जमिनीवरच्या रेघा पुसू नयेत म्हणून सगळे तिथे अनवाणी चालत. पुढे संगणक आला, लॉफ्ट बंद झाला, हॉलमध्ये केबिनी झाल्या. जमिनीच्या फळ्या लिलावात निघाल्या तेव्हा श्यामरावांनी त्यातल्या सहा घेतल्या.

कलकत्त्याच्याच बेहाला भागात घर बांधलं तेव्हा त्या फळ्यांचा बेंच केला. तळमजल्यावर रस्त्याकडे शटर असलेल्या खोलीत, मागच्या भिंतीला लागून. पाय जमिनीच्या काँक्रीटमध्येच गाडले, म्हणजे कानस मारताना बेंच हलणार नाही. त्यावर काम घट्ट धरून ठेवणारा पाच इंची व्हाइस बसवला. घराच्या भिंती नंतर उठल्या. बेंच आधी उभा राहिला.

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. रोज साडेनऊला श्यामराव शटर वर करत, एकला खाली ओढत. पाड्यातले, म्हणजे आसपासच्या गल्ल्यांतले, लोक अडकलेलं कुलूप आणत, कुकरची दांडी आणत, शिवणयंत्राची तुटलेली पट्टी आणत. पूर्वी रोज कुणीतरी यायचं. ह्या वर्षात चौघं आले होते. कुलूप बिघडलं की लोक आता नवं मागवतात. काम कमी झालं म्हणून श्यामरावांनी वेळ कमी केली नाही. कुणी आलं नाही तर लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरायचा आणि त्याच्या सहाही बाजू काटकोनात आणायच्या. बाकी काही नाही. अलीकडे त्यांचे हात थरथरत. चहाचा कप धरताना थरथरत, सही करताना थरथरत. कानस हातात असली की थरथरत नसत. डॉक्टरला याचं कारण सांगता आलं नाही. श्यामरावांना ते विचारायचंही नव्हतं.

गाडी आली तर ती याच खोलीत उभी राहणार होती. घराला दुसरी जागा नव्हती.

त्या रविवारी दुपारी सगळे आडवे झाले तेव्हा श्यामराव टेप घेऊन खोलीत गेले. शटरपासून मागच्या भिंतीपर्यंत पाचशे तेहेतीस सेंटीमीटर. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तेवढंच आलं. क्षितिजने दिलेल्या पत्रकात निळीची लांबी तीनशे नव्व्याण्णव होती, पांढरीची चारशे छत्तीस. शटरला चिकटून गाडी लावता येत नाही, दहा सेंटीमीटर सोडावे लागतात. बेंचची रुंदी बासष्ट. त्यांनी वजाबाकी केली. निळी आली तर गाडी आणि बेंच यांच्यात बासष्ट सेंटीमीटर उरत होते. कानस मारायला माणसाला दोन फूट लागतात, बासष्ट म्हणजे तसूभर जास्तच. पांढरी आली तर पंचवीस उरत होते. पंचवीस सेंटीमीटरमध्ये माणूस उभा राहत नाही. फार तर कॅलेंडर लटकतं.

निळी आली तर बेंच राहील. पांढरी आली तर जाईल. एवढं त्यांना पहिल्या दिवशीच कळलं, आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. ज्याला माप घ्यायला सांगितलंय त्याने आपली आवड मध्ये आणायची नसते.

सोमवारी त्यांनी खोली झाडली, पुसली आणि खडूने जमिनीवर दोन्ही गाड्या काढल्या, खऱ्या आकारात, एकीवर एक. पांढरी पांढऱ्या खडूने, निळी निळ्या खडूने. चाकं, दारं, दारं उघडल्यावर किती लांब येतात ते अर्धगोल. पत्नी हेमाताई चहा घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.

"अहो, हे काय मांडलंय? रांगोळी?"

"गाड्या आहेत. चप्पल काढ."

"माझ्या स्वयंपाकघरात तुम्ही तेलकट पायांनी येता, तेव्हा?"

"तिथे मी रेघा मारलेल्या नसतात."

हेमाताईंनी चप्पल काढली, आणि रेघा चुकवत, साडीच्या निऱ्या वर धरून, निळ्या गाडीच्या बॉनेटच्या जागेवरून कप आणून दिला. मग बेंचला टेकून त्यांनी सगळं चित्र पाहिलं. पांढरी रेघ बेंचच्या किती जवळ आली आहे तेही पाहिलं असावं. मग निऱ्या पुन्हा वर धरून आल्या तशा परत गेल्या.

गुरुवारी, अकरा तारखेला, श्यामराव निळी बघायला गेले. शोरूम बायपासवर. दोन बस बदलून दीड तास लागला. तिथला विक्रेता तिशीचा, टाय लावलेला. मावशीच्या यजमानांना बंगाली लोक मेशोमशाय म्हणतात, तसं त्याने श्यामरावांना करून टाकलं.

"या मेशोमशाय, बसा. कॉफी? पडद्यावर दाखवू का फीचर्स?"

"पडदा नको. गाडी कुठे आहे?"

दोन तास ते गाडीभोवती होते. पत्रकातली रुंदी आरसे सोडून दिलेली होती, ते त्यांनी आरशांसकट घेतली. चार्जिंगचं झाकण कुठल्या बाजूला, जमिनीपासून किती उंच, दार किती उघडतं, बसताना डोकं कुठे लागतं, सगळं वहीत लिहिलं. विक्रेता आधी मागे मागे फिरला, मग खुर्ची घेऊन बसला, मग जेवायला गेला. परत आला तेव्हा श्यामराव बॉनेटपाशी गुडघे टेकून होते.

"मेशोमशाय, गाडी विकत घेताय की बनवताय?"

"विकत घेणाऱ्याला जास्त बघावं लागतं. बनवणाऱ्याला निदान ठाऊक असतं, कुठे चूक झाली ते."

पुढच्या आठवड्यात पांढरी पाहिली. ते शोरूम अलीपूरच्या बाजूला, मेट्रोने माझेरहाटला उतरून पुढे चालत. तिथेही दोन तास. परत येताना गल्लीत एक रिक्षा रस्त्यावरून शेजारच्या दारात उतरताना खालून खरवडली, आणि श्यामराव जागच्या जागी उभे राहिले. हे आपल्या लक्षात कसं आलं नाही, या विचाराने त्यांना रागच आला.

बेहालाच्या त्या गल्लीत दर दोन-चार वर्षांनी डांबराचा नवा थर पडतो. रस्ता वर चढतो, घर तिथेच राहतं. श्यामरावांचं घर बांधलं तेव्हा रस्त्याहून दोन पायऱ्या उंच होतं. आता ते नऊ इंच खाली होतं. रस्ता आणि घर यांच्या मधोमध गटारावर महापालिकेची काँक्रीटची झाकणं. आत उतरताना गाडीची पुढची चाकं खाली जाणार, मागची वर रस्त्यावर राहणार, आणि मधलं पोट त्या झाकणाच्या कडेवरून सरकणार. साध्या गाडीच्या पोटात नळ्या असतात. विजेच्या गाडीचं पोट म्हणजे बॅटरी. तीच रोज दोनदा दगडावर घासली तर बाकीची मापं घेऊन काय करायचं?

हे माप पत्रकात मिळणार नव्हतं. त्यासाठी फर्मा कापावा लागणार होता.

चौतीस वर्षांनी श्यामरावांनी फर्मा कापायला घेतला. आधी दोन दिवस उतरणीची मापं घेतली. सुतळी ताणून, ओळंबा सोडून, दर दहा सेंटीमीटरवर. येणारेजाणारे विचारत, "श्यामदा, रस्ता विकत घेताय काय?" मग जमिनीवर ती उतरण काढली, चाकांची रेघ मारली आणि त्या रेघेपासून झाकणाची कड किती वर येते ते मोजलं. साडेसोळा सेंटीमीटर. प्लायवूडवर तो उंचवटा उतरवला, करवतीने कापला, रंध्याने आणि कानशीने रेघेपर्यंत आणला. चार फूट लांब, मधोमध साडेसोळा उंच, खाली सपाट. तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत त्यांचे हात एकदाही थरथरले नाहीत. रात्री जेवताना ते दोन पोळ्या जास्त खात होते, आणि हेमाताई ते पाहत होत्या.

नाताळ झाल्यावर ते फर्मा काखेत घेऊन पुन्हा बायपासला गेले. बसच्या कंडक्टरने विचारलं, "दादू, हे काय?"

"आमच्या घराचं तोंड."

कंडक्टरने त्याचं वेगळं तिकीट काढलं नाही.

शोरूममध्ये श्यामराव म्हणाले, "आज गाडीत चार माणसं बसवायची. रिकाम्या गाडीचं पोट उंच असतं, ते खोटं माप."

विक्रेत्याने वर आढ्याकडे पाहिलं. पण दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक दुसरं नव्हतं. तो स्वतः बसला, दारावरचा पहारेकरी बसला, हिशेब बघणारी बाई बसली आणि चहावाला किटलीसकट बसला. श्यामराव फरशीवर कुशीवर आडवे झाले आणि फर्मा हळूहळू आत सरकवला.

मधोमध तो अडला. त्यांनी बोट घालून पाहिलं, दुसऱ्या बाजूने सरकवून पाहिलं. चहावाल्याला उतरवलं, पुन्हा बसवलं. तिथेच अडला. अर्ध्या सेंटीमीटरने.

"झालं का मेशोमशाय? किटली गरम आहे, मांडी भाजतेय," आतून चहावाला ओरडला.

"झालं," श्यामराव म्हणाले. उठायला त्यांना दाराचा आधार घ्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला त्यांनी शटर वर केलं, फर्मा व्हाइसमध्ये धरला आणि त्याच्याकडे पाहत उभे राहिले. अर्धा सेंटीमीटर. प्लायवूडमध्ये अर्धा सेंटीमीटर म्हणजे मोठ्या कानशीचे तीस हात. पाच मिनिटांचं काम. मग पुन्हा बसने जायचं, पुन्हा चार माणसं बसवायची, फर्मा सरकन पलीकडे जाईल, आणि वहीत लिहायचं: निळी चालेल. गल्लीत, घरात, शोरूममध्ये, अख्ख्या कलकत्त्यात हे माप तपासू शकेल असा माणूस उरला नव्हता. गाडी घासली तर घासली. लोक म्हणतील, रस्ता वाईट आहे. कलकत्त्यात हे कुणीही मान्य करतं.

त्यांनी कानस घेतली. फर्म्याच्या माथ्यावर टेकवली. हात अगदी स्थिर होता.

लॉफ्टमध्ये त्यांना काम शिकवलं ते निताई हालदारांनी. निताईदांचा एक बोल होता: फर्मा खोटा केला म्हणून लोखंड खरं होत नाही. एकदा एका पाळीने वाकड्या प्लेटशी जुळावा म्हणून फर्माच घासला होता. कागदावर सगळं बरोबर आलं. जहाज पाण्यात उतरलं तेव्हा त्याच्या बाजूला गालफुगीसारखा फुगवटा होता. निताईदा घाटावर उभे राहून ते जहाज दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले, आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. फर्मा त्यांनी घासलेला नव्हता, तरी.

अकराला हेमाताई चहा घेऊन आल्या. श्यामराव त्याच जागी उभे होते. बेंचवर लाकडाचा भुसा नव्हता.

"काय झालं?"

"काही नाही. पांढरी बघायला जायचंय. माणूस कमी पडेल, तूही चल."

हेमाताई काहीतरी बोलायला गेल्या. मग म्हणाल्या, "चला. मला काय, बसायचंच काम ना?"

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात दोघं अलीपूरच्या शोरूमला गेले. तिथली विक्रेती लीना सेन नावाची मुलगी. मागच्या खेपेस ती रजेवर होती. तिने तीन माणसं जमवली, चौथ्या हेमाताईंना पुढच्या सीटवर बसवलं. श्यामराव आडवे झाले.

"मऊ आहे हो," हेमाताई वरून म्हणाल्या. "आणि उंचावर बसल्यासारखं वाटतं."

"बोलू नको. वजन हलतं."

"माझ्या बोलण्याला वजन आहे हे लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाल्यावर कळलं का तुम्हाला?"

आतले सगळे हसले. गाडी हलली. श्यामराव थांबले, गाडी स्थिर झाल्यावर फर्मा सरकवला. तो या बाजूने आत गेला आणि त्या बाजूने बाहेर आला. मध्ये दोन बोटं उजेड. त्यांनी पुन्हा सरकवला. पुन्हा गेला. मग ते तसेच पडून राहिले, गाल थंड फरशीला लावून, आणि त्या उजेडाकडे पाहत राहिले.

वर लीना वहीत नाव लिहून घेत होती. "पेडणेकर? म्हणजे न्यू टाउनला ऑफिस आहे ते..."

"मला जरा पाणी मिळेल का?" हेमाताई घाईने म्हणाल्या. "घसा कोरडा पडलाय."

लीना पाणी आणायला गेली. श्यामराव फर्म्यावरची धूळ रुमालाने पुसत होते.

अठरा जानेवारीला रविवार होता. श्यामरावांनी आदल्या दिवशी दोन्ही गाड्यांची मापं एका कोऱ्या कागदावर दोन रकान्यांत उतरवून काढली होती. एकतीस ओळी. लांबी, आरशांसकट रुंदी, दारं, चार्जिंगचं झाकण, चार माणसांसकट पोटाची उंची. बेंचपुढे उरणाऱ्या जागेची ओळ त्यांनी लिहिली आणि मग खोडली. ते माप गाडीचं नव्हतं. मुदतीला अजून तेरा दिवस होते. जेवणं झाल्यावर त्यांनी कागद टेबलावर ठेवला.

"पांढरी घ्या," ते म्हणाले.

क्षितिजने कागद उचलला. त्याची बायको विनीता त्याच्याकडे बघायला लागली. तिचे आजोबा इथल्या शाळेत मास्तर होते. तीन पिढ्या कलकत्त्यात काढलेलं घर, आणि ती माणूस म्हणून सरळ. तिला गप्प बसणं जमेना.

"सांग ना आता," ती म्हणाली.

"काय सांग?" श्यामरावांनी विचारलं.

क्षितिज कागदावरच्या ओळी वाचत होता की नुसता बघत होता ते कळत नव्हतं. "बाबा, म्हणजे... पांढरीच घेतलीय आपण. बुक केलीय. या महिन्याअखेर मिळेल."

"कधी केली?"

"वर्षअखेरची ऑफर होती, कलरही संपत होता, म्हणून मग..."

"तारीख कोणती?"

"दहा डिसेंबर."

श्यामरावांनी मनात मोजलं. दहा म्हणजे बुधवार. अकराला ते पहिल्यांदा निळी बघायला गेले होते. दीड तास जाताना, दीड तास येताना.

"मग मला कशाला सांगितलं होतंस?"

"अहो बाबा, मी सहज विचारलं. जेवताना विचारतात तसं. मला वाटलं, तुम्ही म्हणाल ही चांगली, नाहीतर ती चांगली. तुम्ही एवढं..." त्याने कागद जरा वर धरला, "एवढं कराल असं वाटलं नव्हतं. आणि मग तुम्ही इतके त्यात होता, की सांगायचं तरी कसं? पण बघा ना, तुमचंही तेच आलं. पांढरीच आली."

"हो. पांढरीच आली."

"मग झालं तर!"

श्यामरावांनी हात टेबलाखाली घेतले. "आणि खोली? पांढरी आली की बेंचपाशी उभं राहता येत नाही. पंचवीस सेंटीमीटर उरतात. निळी असती तर..."

"निळी असती तरी बेंच काढावाच लागला असता, बाबा." क्षितिज आता नेटाने बोलत होता. अवघड भाग संपला असं त्याला वाटत होतं. "मिस्त्री येऊन बघून गेला. जमीन सगळी उकरून टाइल्स घालायच्यात, चार्जर मागच्या भिंतीवरच बसणार. तिथे तुम्ही ग्राइंडर चालवणार, ठिणग्या उडणार, आणि शेजारी चार्जिंगची गाडी. नाही चालत ते. कुठलीही गाडी असो."

"मिस्त्री कधी आला होता?"

क्षितिजने आईकडे पाहिलं. मग हेमाताई म्हणाल्या, "तुम्ही दुसऱ्यांदा बायपासला गेला होता ना, त्या दिवशी."

श्यामरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. हेमाताईंनी नजर चुकवली नाही.

"तुला ठाऊक होतं."

"हो."

"शोरूममध्ये फरशीवर पडलो होतो मी. तेव्हाही?"

"तेव्हाही." त्यांचा आवाज बारीक झाला. "तुम्ही कामाला जात होता हो. सकाळी उठून, वही-टेप घेऊन, डबा मागून. नऊ वर्षांत तुम्ही डबा मागितला नव्हता. माझ्या तोंडून निघालंच नाही."

श्यामरावांनी कागद क्षितिजच्या हातातून घेतला, चार घड्या केल्या आणि खिशात ठेवला. क्षितिज म्हणाला, "राहू द्या ना बाबा, मी वाचतो." पण त्याने हात पुढे केला नाही.

मिस्त्रीची माणसं बेंच तोडायला गुरुवारी येणार होती. सोमवारी सकाळी श्यामरावांनी शटर वर केलं आणि स्वतः सुरुवात केली. व्हाइसचे चार बोल्ट. तीन निघाले, चौथा गंजला होता. त्याला तेल देऊन दुपारपर्यंत थांबले, मग काढला. तोडला नाही. फळ्या एकेक करून सुट्या केल्या. खालच्या बाजूला लॉफ्टमधल्या जुन्या रेघा अजून होत्या, कुठल्याशा जहाजाच्या नाळेजवळच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या. कुठल्या ते आता सांगता येत नव्हतं. पाय काँक्रीटमध्ये होते. छिन्नी आणि दोन किलोचा हातोडा घेऊन त्यांनी चारही पायांभोवती खाचा केल्या. दीड दिवस लागला. मंगळवारी क्षितिज ऑफिसातून लवकर आला आणि दारात उभा राहून म्हणाला, "बाबा, सोडा. त्यांना पैसे दिलेत आपण त्याचे."

"त्यांनी पहारेने उचकटला असता."

"मोडायचाच तर आहे."

"मोडायचं तरी नीट मोडावं," श्यामराव म्हणाले आणि हातोडा उचलला.

फळ्या गच्चीत गेल्या. व्हाइस त्यांच्या पलंगाखाली. गुरुवारी मिस्त्रीची माणसं आली तेव्हा त्यांच्यासाठी मागच्या भिंतीपाशी काहीच उरलं नव्हतं. त्यांनी एक चहा जास्त प्यायला.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी पांढरी आली. क्षितिज चालवत होता, विनीता मोबाइलवर चित्रण करत होती, हेमाताईंच्या हातात नारळ आणि हळदकुंकवाचं तबक. गल्लीतली दहा-बारा माणसं जमली. श्यामराव झाकणांच्या बाजूला गुडघ्यावर बसले. पुढची चाकं खाली गेली, मागची वर राहिली, पोट कडेवर आलं. मध्ये दोन बोटं उजेड होता. जेवढा असायला हवा होता तेवढाच. गाडी आत गेली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. विनीता म्हणाली, "अरे वा, घासली नाही!" शेजारी म्हणाले, "भारी गाडी आहे."

श्यामराव भिंतीला धरून उठले. गाडी आणि मागची भिंत यांच्यात सत्त्याऐंशी सेंटीमीटर उरले होते. तेही बरोबर आलं होतं.

गाडी रोज सकाळी सव्वाआठला न्यू टाउनला जाते आणि रात्री आठच्या सुमारास परत येते. दिवसभर खोली रिकामी असते. पाचशे तेहेतीस सेंटीमीटर, पिवळसर टाइल्स, मागच्या भिंतीवर चार्जर आणि त्यावर एक हिरवा ठिपका. साडेनऊला श्यामराव शटर वर करतात. टाइल्सवर डाग पडतात म्हणून विनीताने चपला बाहेर काढायला सांगितलंय. ते चपला काढतात आणि आत जाऊन मागच्या भिंतीपाशी उभे राहतात, बेंच होता तिथे, कानस मारताना उभं राहायचे तसे, डावा पाय पुढे, उजवा मागे. तसे किती वेळ उभे राहतात ते त्यांनी मोजलेलं नाही.

अकराला हेमाताई चहा घेऊन येतात. आता कप निम्माच भरून आणतात, सांडू नये म्हणून.

"वर येता का? टीव्हीवर बातम्या लागल्यात."

"येतो," श्यामराव म्हणतात. ते भिंतीकडेच तोंड करून असतात. कपबशी दोन्ही हातांनी धरतात, तरी कप बशीवर वाजत राहतो.